“सर, दोन हाणा आणि विषय मिटवा”

पत्र :

“बाई, नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. थोरला मुलगा नववीत, साडेचौदा वर्षांचा. गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलाशी त्याची मारामारी झाली. ह्यानं हातातली स्टीलची पाण्याची बाटली त्याच्या कपाळावर मारली. भुवईच्या वर तीन टाके पडले. सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून त्याचे वडील थेट पोलीस ठाण्यात गेले. मी मुख्याध्यापकांना हात जोडून म्हटलं, सर, माझ्यासमोर दोन हाणा आणि विषय मिटवा, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो. ते म्हणाले, आम्हाला बोटही लावता येत नाही, तुम्ही दाखला घेऊन जा, तेच सगळ्यांच्या सोयीचं. आमच्या वेळी गुरुजी निगडीच्या फोकानं फोडून काढायचे. कोण पोलिसात गेलं नाही आणि आम्ही काय बिघडलो? मंगळवारी रात्री मीच त्याला पट्ट्यानं मारलं. रडलासुद्धा नाही. त्याला पोलीस भरती व्हायचंय, रोज पहाटे पळायला जातो. नावावर केस लागली तर संपलंच. भांडणाचा व्हिडिओ कुणीतरी काढलाय, तो ग्रुपवर फिरतोय. काय करू?

ता. क. तो मुलगा ह्याला दिवाळीपासून कायतरी नावानं चिडवत होता म्हणे.”

— एक पालक

भाऊ,

दाखल्यासाठी अर्ज लिहून दिला नसेल तर देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

शाळेला पोरगं नको असतं तेव्हा शाळा ते सहसा स्वतः काढत नाही, बापाकडून अर्ज लिहून घेते. मग दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं येतं आणि ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’. मी अकरा वर्षं मुख्याध्यापक होते. प्रयोगशाळेची काच फोडणाऱ्यालाही मी ‘चांगली’ लिहून दिलंय, कारण दुसरं काही लिहिलं तर पुढची शाळा दारात उभं करत नाही आणि आम्हाला तर ते पोरगं पुढच्या शाळेत जायला हवं असतं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा आडवा येतो, मुलाला काढताच येत नाही. तुमचा नववीत, म्हणून दाखल्याची भाषा निघाली. मुख्याध्यापकांना नम्रपणे म्हणा, “काढायचं असेल तर कारणासकट लेखी द्या, मी शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवतो.” बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो. वर्षाच्या मध्यात नववीतून उठलेल्या पोराला दुसरीकडं बाक मिळत नाही. मग घरी बसायचं आणि दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. सतरा नंबर वाईट नाही, नोकरी करणाऱ्या कितीजणींनी त्यातून मॅट्रिक केलंय. पण साडेचौदाच्या पोरानं दिवसभर कुठं बसायचं? तुमच्या लेथपाशी, नाहीतर चौकात.

आता “दोन हाणा”.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्ही बंद आहे. हा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणून काही शिक्षक कुजबुजतात की नववी-दहावीला चालतं. चालत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक पोर ‘बालक’ आहे. ज्याच्या ताब्यात बालक आहे त्यानं त्याला मारलं, छळलं, तर 75 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद. मुलांची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेच्या नोकरानं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मुख्याध्यापक बोट लावत नाहीत ते यामुळं. तुमच्या पाचशेच्या स्टॅम्पला इथं किंमत नाही. पालकाच्या संमतीनं, चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टीला सूट देणारं एक कलम जुन्या दंड संहितेत होतं, नव्या न्याय संहितेतही आहे, पण ते बाराच्या आतल्या मुलांपुरतं. पोरानं मार खावा याचा करार बापाला करता येत नाही.

आणि ‘ज्याच्या ताब्यात बालक आहे’ यात तुम्हीही येता. मंगळवारचा पट्टा मी वाचला. त्यावर शेवटी बोलते.

“आम्ही काय बिघडलो” हे वाक्य मी निवृत्तीनंतर जितकं ऐकलंय तितकं नोकरीत ऐकलं नव्हतं. लग्नात, बँकेत, रंकाळ्यावर फिरताना, कुणीतरी पन्नाशीचा गृहस्थ वाकतो आणि म्हणतो, बाई, तुमच्या हातचा मार खाल्ला म्हणून घडलो. छान वाटतं, खोटं का बोलू. पण एकाचं ऐकताना मला तोंड वर करता आलं नव्हतं.

1993 ची गोष्ट. आठवी ‘ब’ माझा वर्ग. चित्रकलेच्या सरांच्या खुर्चीवर कुणीतरी खाजकुयली टाकली. सर ऑफिसमध्ये जाऊन बसले आणि मी वर्गावर गेले. कोण बोलेना. शेवटच्या बाकावर एक जण हसला. एवढा पुरावा मला पुरला. लाकडी फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर सहा मारल्या. डिसेंबर होता, त्याचे हात थंडीनं उललेले होते. मधल्या बोटाच्या सांध्यातून रक्त आलं, ते त्यानं चड्डीला पुसलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला पाहिलं तर पोरगं पेन मुठीत धरून लिहीत होतं, बालवाडीतलं मूल खडू धरतं तसं. जानेवारीत दुसऱ्याच एका मुलाची आई येऊन सांगून गेली की खाजकुयली तिच्या पोरानं शेतातून आणली होती. मी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. ज्याला मारलं त्याला काही सांगितलं नाही. वर्गाचा दरारा जाईल असं वाटलं.

बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीपुरीत त्याचं कांदा-बटाट्याचं दुकान दिसलं. गल्ल्यावरून उठून आला, मुलाला बोलावून त्यालाही पाया पडायला लावलं. “या बाईंनी मला लई मारलं, म्हणून आज माणसात हाय.” मी म्हटलं, सुखी राहा. त्यानं अर्धा किलो कांदे जास्त घातले, ते मी घेतले. तेव्हाही नाही सांगितलं.

छडीचा हिशेब असा आहे. जे दुकानाच्या गल्ल्यावर बसले ते येऊन पाया पडतात. ज्यांनी त्याच वर्षी शाळा सोडली ते मला बघून रस्ता ओलांडतात. तुमच्या वर्गात फोकाला घाबरून सातवीतच ऊसतोडीला, गॅरेजला गेलेली पोरं असतील. आठवून बघा. “आम्ही” म्हणताना त्यांना धरलंत का?

तुम्ही पत्राच्या मागं लिहिलंय, लहानपणी तालमीत जात होता, वस्तादांच्या एका शब्दानं पोरं सरळ व्हायची. माझा भाऊही जायचा. वस्ताद कानशिलात द्यायचे, नाही असं नाही. पण भाऊ घाबरायचा ते वेगळ्याला. चूक केली की वस्ताद म्हणायचे, आठ दिवस मातीत उतरायचं नाही. यायचं रोज, हौद्याच्या काठावर बसायचं, दुसऱ्यांच्या कुस्त्या बघायच्या, माती खोदायची, पाणी मारायचं, पण लंगोट लावायचा नाही. चौथ्या दिवशी भाऊ घरी येऊन रडला होता. ही शिक्षा लागू पडली कारण त्याला त्या मातीत जायचंच होतं, आणि कारण वस्तादांनी त्याला हाकलून दिलं नव्हतं, काठावर बसवलं होतं. तुमच्या मुख्याध्यापकांपाशी आज असा काठ नाही. सत्तर पोरांचा वर्ग, समुपदेशक नाही, छडी काढून घेतली आणि तिच्या जागी हातात काही दिलं नाही. मग त्यांच्याकडं दाखला उरतो. मी त्यांची बाजू घेत नाही, पण मला ती खुर्ची माहीत आहे.

आता पोलिसांचं, कारण तुमची झोप त्यानं उडालीय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून डोळा वाचलाय, हाड मोडलेलं नाही. दुखापतीचे जे गुन्हे यात बसू शकतात त्यांना मोठ्या माणसाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा सगळ्यात खालच्या पायरीवर येतो. (कायद्याच्या पायरीवर. टाके पडलेल्या मुलाच्या आईसमोर हा शब्द काढू नका.) केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे अशा प्रकारात मुलावर एफआयआर करत नाहीत. डायरीत नोंद होते, मुलाच्या घरची परिस्थिती लिहिलेला एक अहवाल होतो आणि दोन्ही बाल न्याय मंडळाकडं जातात. ठाण्यातून बोलावणं आलं तर बालकल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा, त्यांनीच बोलायचं असतं, आणि तेही गणवेशात नाही. कोठडी नाही, बेड्या नाहीत. तुम्ही शेजारी बसायचं. वकिलाला उसनवारी करून पैसे देऊ नका. मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. आपल्याकडं ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून लोकांना गल्लीतलं भांडणही ‘बेंचला टाकू’ असं झालंय. तुम्हाला त्याची गरज नाही.

भरतीचं ऐका. बाल न्याय कायद्याचं 24 वं कलम म्हणतं की अशा प्रकरणामुळं मुलाला पुढं कुठल्याही बाबतीत अपात्र ठरवता येत नाही, आणि मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या. 74 वं कलम म्हणतं की प्रकरण संपल्यावर पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठीसुद्धा ती माहिती द्यायची नाही. पहाटेचं पळणं बंद करू देऊ नका. नेमकं ह्याच आठवड्यात बंद करू देऊ नका.

त्याच 74 व्या कलमात मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फिरणाऱ्या व्हिडिओत दोन मुलांचे चेहरे आहेत, तुमच्याही आणि त्यांच्याही. मुख्याध्यापकांकडं लेखी तक्रार द्या, पालकांच्या ग्रुपवर ती टाकायला सांगा. आणि तुमच्या फोनमध्ये तो असेल तर “बघा, आधी कुणी हात उगारला” म्हणून पाव्हण्यांना पाठवत बसू नका. पाठवलाय तुम्ही, वाटतंय मला.

मंडळ म्हणजे काय ते डोळ्यासमोर यावं म्हणून सांगते. 2018 साली दहावीच्या एका मुलाबरोबर मी गेले होते. दुकानातून मोबाईल उचलला होता. बाप नव्हता, आईला बोलता येत नव्हतं. मी कठडा शोधत होते, आरोपी उभा करतात तो. नव्हता. साधं टेबल, एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य. पोरगं गाडीत येताना सगळ्याला उलट उत्तरं देत होतं. दंडाधिकारी बाईंनी फाईल मिटली आणि विचारलं, “सकाळपासून काही खाल्लंस का?” तिथं त्याला रडू फुटलं. पाच महिन्यांत समज देऊन आणि समुपदेशनाच्या काही बैठका लावून प्रकरण बंद झालं. बैठकीला आईलाही बसावं लागलं, कायद्यातच आहे तसं, पालकांचंही समुपदेशन. आपल्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. कान बापाचा धरला होता, पोराचा नव्हे. मला ते नेहमी आवडत आलंय, आज तुम्हाला आवडणार नाही.

इथवर कायदा चांगला वागला. पुढचं आमच्या शाळेत झालं. पेपरात नाव आलं नाही, पण वर्गानं त्याचं नाव ‘सॅमसंग’ ठेवलं. मैदानावर सॅमसंग, हजेरीला मागून सॅमसंग. शिक्षक खोलीत आम्हीही म्हणू लागलो. एकदा मी स्वतः म्हणाले, दार उघडं होतं, तो वही घेऊन उभा होता.

म्हणून तुमच्या ‘ता. क.’कडं येते. सगळ्या पत्रात तेच वाक्य तुम्ही सहीच्या खाली टाकलंत, ‘म्हणे’ लावून. दिवाळीपासून कुठल्या नावानं चिडवत होता? तुम्हाला माहीत नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं नाही. तुम्ही पट्टा काढायच्या आधी विचारलं नाही. पोलीस विचारतील की नाही सांगता येत नाही. नाव कळलं म्हणून बाटली मारणं बरोबर ठरत नाही, ते त्याला स्वच्छ सांगा. पण नाव कळल्याशिवाय तुम्ही काय मिटवणार? सोमवारी तो मुलगा टाके घेऊन वर्गात येईल आणि दोन बाक सोडून तुमचा बसलेला असेल. छडी मारली असती तर ती गुरुजी आणि तुमचा मुलगा यांच्यात झाली असती. केस सरकार आणि तुमचा मुलगा यांच्यात चालेल. कपाळ फुटलेल्या पोराला दोन्हीकडं कोण काही विचारत नाही. त्याचंही वय चौदा आहे, तोही आज घरी कुणाचं तरी ऐकून घेत असेल, “तू कशाला त्याच्या वाटेला गेलास?”

त्याच्या घरी जा. आधी मुख्याध्यापकांकडून निरोप पाठवा, ते ‘या’ म्हणाले तरच. ‘नको’ म्हणाले तर मुख्याध्यापकांच्या खोलीत भेट ठरवा, तेही नको म्हणाले तर थांबा, महिन्यानं परत विचारा. जाताना तुम्ही, मुलाची आई आणि मुलगा. तालमीची पोरं नकोत, माजी नगरसेवक नको, ‘दोन्हीकडचा माणूस’ तर अजिबात नको. चार माणसं घेऊन गेलात की माफी राहत नाही, दबाव होतो, आणि ते पोलिसांना तसंच सांगतील. औषधाचा, टाके काढायचा खर्च विचारा आणि द्या. तक्रार मागं घ्या हे त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुमच्या मुलानं त्या मुलाशी स्वतः बोलायचं, तुम्ही मध्ये वाक्य पुरवायचं नाही, आणि गप्प बसला तर गप्प बसू द्या. मी अशा भेटी घडवल्यात. दोन तर साफ फसल्या, एका बापानं दारातच शिव्या घातल्या. तरी त्यातली दोन्ही पोरं पुढं एका बाकावर बसून दहावी झाली.

शाळेकडं दाखल्याऐवजी काठ मागा. महिनाभर मधल्या सुट्टीत मैदानावर नाही, ग्रंथालयात बसेल, पुस्तकांना कव्हरं घालेल, रोज सही. क्रीडा स्पर्धेचा संघ यंदा नाही. हे तुम्ही लेखी सुचवा आणि मुलाला विचारून सुचवा. बहुतेक मुख्याध्यापकांना असं काही हवंच असतं, त्यांना फक्त बापानं मागं उभं राहायला हवं असतं. त्याच कागदावर लिहा की वर्गात चिडवण्याचा प्रकार चालू आहे, वर्गशिक्षकांनी लक्ष घालावं. पोच घ्या.

आणि पट्टा. तो रडला नाही असं तुम्ही लिहिलंत, जरा अभिमानानं की भीतीनं ते मला कळलं नाही. दिवाळीपासून चिडवणं सोसून तो रडला नव्हता, हे तुम्हाला सोमवारी कळलं. मंगळवारी तुम्ही त्याला तेच परत करायला लावलंत. चाळीस वर्षांनी तो कुणालातरी सांगेल की बापानं फोडला म्हणून घडलो, आणि तुम्ही ते ऐकून खूश व्हाल, तसा माझा कांदेवाला. त्याच्याशी बोलताना पट्ट्याचं चुकलं म्हणा. एवढंच म्हणा, कारणं देऊ नका.

मंडळाची तारीख लागली तर जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड बरोबर ठेवा. त्या दिवशी शॉप बंद ठेवा, कामगारावर टाकून दुपारी येतो असं नको. भाड्याची गाडी करू नका, तुमच्या दुचाकीवर दोघंच जा. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, डबा दोघांचा घ्या. आणि बाटलीत पाणी. स्टीलची तीच असली तरी तीच घ्या.